चार वाजताची मुलगी

"त्या खुर्चीवर सामान ठेवू नकोस," बाबा म्हणाले. "चार वाजता लागते ती."

तिने पिशवी उचलून खाली ठेवली. परदेशातून येऊन तिला पुरता एक दिवसही झाला नव्हता. शिवाय खुर्ची तिचीच होती, लहानपणापासूनची.

"कोणाला लागते?"

"वाचणारीला."

बाबांची दृष्टी गेल्याचं तिला कालच कळलं होतं. तिच्या खांद्यावर ठेवायला म्हणून त्यांनी हात पुढे केला आणि तो दाराच्या चौकटीवर पडला, तेव्हा. फोनवर ते नेहमी म्हणत, "डोळे ना? म्हातारे झालेत, माझ्यासारखे." आयुष्यभर छापखान्यात प्रुफं तपासणाऱ्या माणसाचे डोळे! शेजारच्या काकूंना ठाऊक होतं, त्या वाचणारीलाही ठाऊक असणार. पोटच्या पोरीला तेवढा पत्ता नव्हता.

"बरी वाचते का?" तिने सहजच विचारल्यासारखं केलं.

"बरी? अगं, स्वल्पविरामाला श्वास घेते. तू गिळायचीस."

ते खरं होतं. शाळेतून आली की ती या खुर्चीत बसून हस्तलिखित मोठ्याने वाचायची आणि बाबा समोर बसून छापील मजकूर त्याच्याशी ताडून पाहायचे. तिची गाडी सुसाट सुटायची आणि हमखास घसरायची. मग "थांबा हं, बाबा, ओळ चुकली," म्हणत ती बोटाने ओळ शोधायची आणि बाबा लाल पेन्सिल कानावर खोचून वाट पाहायचे. ते काम त्यांनी दुसऱ्या कोणाला कधी दिलं नव्हतं.

"शिकलेली असेल," ती म्हणाली.

"शिकलेली आहे, शहाणी नाही. गेल्या थंडीत छाती भरली होती तिची. विचारलं तर म्हणे, ठणठणीत आहे. मला काय, आवाजावरून कळतं. घास उतरत नव्हता माझ्या घशाखाली."

गेल्या थंडीत तीही परक्या खोलीत तापाने फणफणली होती. फोनवर 'बरी आहे' म्हणाली, आणि बाबांनी ते मानलं होतं.

काकू वाटी परत द्यायला आल्या, तेव्हा तिने त्यांना स्वयंपाकघरात गाठलं.

"काकू, आता मी आलेय. तिला कशाला त्रास?"

"कोणाला? त्या वाचणारीला?" काकू हसल्या. "बाई, तिच्यामुळे तुझे बाबा माणसात राहिले. अंधांच्या वाचनालयातून मीच आणली तिला. आधी दुसऱ्या दोघी आणल्या होत्या, यांनी नाकं मुरडली. ही आली आणि पहिल्याच दिवशी म्हणाले, आता दुसरी नको."

"एवढं काय आहे तिच्यात?"

"मला काय कळतंय! त्यांनाच विचार."

तिने विचारलं नाही. भांडी मात्र जरा जोरात आपटली. तिकडे शिकत असताना सुट्टीच्या दिवशी तीही अंधांसाठी फुकट वाचायची. आपल्याच भाषेतली पुस्तकं, ज्यांची तोंडंही कधी पाहिली नाहीत अशा माणसांसाठी, बंद खोलीत एकटीने, घसा बसेपर्यंत. लोकांच्या बापांना वाचून दाखवलं आणि स्वतःचा बाप दुसरीच्या हवाली केला. लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

तिकडची चांगली नोकरी नाकारून ती आली होती ती काय पाहुणी म्हणून?

चार वाजायला आले तशी ती केस नीट करून बाहेरच्या दारात जाऊन उभी राहिली. वाक्य तयार होतं. 'तुमचे फार उपकार झाले, पण आता घरचं माणूस आलंय.' गोड बोलायचं आणि उंबऱ्याच्या आत पाऊल पडू द्यायचं नाही.

"दारात कशाला उभी?" आतून बाबांनी विचारलं.

"वारा खातेय."

"पोट भरलं की ये आत."

चार वाजले. रस्त्यावर कोणी नव्हतं. फाटकही वाजलं नाही.

आणि आतल्या खोलीतून एका बाईचा आवाज येऊ लागला. संथ, ठाय लयीतला.

म्हणजे मागच्या दाराने आली! घरची असल्यासारखी! ती तरातरा आत गेली आणि खोलीच्या दारातच थबकली.

बाबा डोळे मिटून बसले होते. समोरच्या खुर्चीत कोणीच नव्हतं. घडी घातलेल्या टॉवेलवर एक लहानसा टेपरेकॉर्डर तेवढा ठेवला होता, आणि त्यातून ती अनोळखी बाई स्वल्पविरामाला श्वास घेत वाचत होती.

वाचता वाचता आवाजाने वेग घेतला. बाबांच्या ओठांवर हसू आलं. त्यांनी नसलेली पेन्सिल उचलून अलगद कानावर खोचली.

आवाज अडखळला. पान सळसळलं.

"थांबा हं, बाबा," खुर्चीतला आवाज म्हणाला, "ओळ चुकली."