ओहोटीची फेरी

"ताई, काठी भाल्यासारखी धरू नका. मासा काही तुमच्या अंगावर धावून येणार नाही."

ती ओशाळली. मुठी जरा सैल केल्या. ओहोटी लागली होती आणि खाडीच्या मुखाशी, खारफुटीच्या सावलीत, निळी बोट जेमतेम हलत होती. बोटीत दोघंच, ती आणि हा गाइड.

खरं तर मासे पकडायची तिला काडीची हौस नव्हती. ती आली होती याला पारखायला. याला मात्र त्याचा पत्ता नव्हता. फेरी तिने मैत्रिणीच्या नावावर ठरवली होती.

मागच्या महिन्यात आईने जेवताजेवता सांगून टाकलं होतं, "मी लग्न करावं म्हणतेय. निळ्या बोटीतून लोकांना मासेमारीला नेतात ना, ते. पण तू हो म्हणालीस तरच."

वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी हातातला घास हातातच राहिला. मावशीने तर कहर केला. "घ्या! मैत्रिणींबरोबर मासे पकडायला गेली आणि स्वतःच गळाला लागून आली!" आई हसली नाही. ती मुलीकडे बघत राहिली. मुलीने ताटातून मान वर केली नाही. नाही म्हणायचं तिचं पक्कं होतं, फक्त सांगण्याजोगं कारण हवं होतं. ते शोधायलाच ती आज पाण्यावर उतरली होती.

पहिलं कारण धक्क्यावरच मिळालं. उन्हाने रापलेला, कानाशी पांढरा झालेला, तरी हा आईपेक्षा चांगलाच लहान दिसत होता. 'दादा' म्हणून हाक मारायला गेली आणि तिने शब्द गिळला. उद्या याला काय म्हणावं लागेल, देव जाणे.

पण पुढे कारणं काही सापडेनात. इंजिन त्याने लांबवरच बंद केलं होतं. मासे बिचकतात म्हणून. हातातल्या बांबूने तळ रेटत तो बोट अशी नेत होता की पाण्यावर सुरकुती उमटू नये. तिने गळ फेकला, तो सरळ फांदीत जाऊन अडकला.

"वा! झाड लागलं गळाला," तो म्हणाला. "वजनदार आहे, पण घरी नेता यायचं नाही."

त्याने वाकून गळ सोडवला. तिने पुन्हा झाडच धरलं, तेव्हाही कपाळाला आठी नाही. घरात भांडं पडलं तरी डाफरणारी माणसं तिने पाहिली होती.

"घरी कोण कोण असतं?" तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"बाबा आणि मी. आई कधीच गेली. माझं लग्न राहून गेलं."

म्हणजे आईच्या वाट्याला या वयात सासऱ्यांची उस्तवार! हे दुसरं कारण झालं.

"बाबांचं सगळं तुम्हीच बघत असाल."

"बघतो. पण सध्या आमच्यात अबोला आहे."

"का हो?"

त्याने बांबू तळाला रेटला. "घरात लग्नाचं निघालंय. एकाला करायचंय, दुसऱ्याला ते पसंत नाही. आईने मांडलेल्या संसारात परकी बाई कशाला, असं म्हणणं."

म्हणजे म्हाताराही अडून बसलाय तर! तिला बरं वाटायला हवं होतं. वाटला तो संताप.

"आणि हा दुसरा कोण लागून गेला ठरवणारा?" ती म्हणाली. "एकटेपण ज्याचं त्याला काढावं लागतं. नाही म्हणणारा काय, नाही म्हणतो आणि आपल्या खोलीत जाऊन झोपतो. दिवा जळत राहतो तो दुसऱ्याच्या खोलीत."

बोलून झाल्यावर तिला आईच्या दाराखालची उजेडाची फट आठवली. कान तापले. बांबू त्याच्या हातात नुसता उभा होता.

तेवढ्यात काठीला हिसका बसला.

"ओढू नका! पळू दे त्याला. दोरी सैल सोडा. आता गुंडाळा, हळू. हां, अस्सं."

हात भरून आले, पण मासा बोटीशी आला. रुपेरी, लांबलचक. गाइडने आधी आपले हात पाण्यात भिजवले. कोरड्या हाताने खवले दुखावतात, म्हणाला. झोपलेलं मूल उचलावं तसा त्याने मासा धरला, गळ सोडवला, आणि प्रवाहाकडे तोंड करून त्याला पाण्यात नुसता आधार देत राहिला.

"सोडा ना."

"ढकलायचं नसतं, ताई. त्याला बळ आलं की तोच जातो."

शेपटी हलली. मासा गेला. रिकाम्या पाण्यात त्याचे हात क्षणभर तसेच राहिले, आणि तिने मनातल्या मनात हात जोडले. असा माणूस आईला भेटावा, याहून अधिक काय मागायचं?

धक्क्याला बोट लागली तेव्हा तिच्याने राहवेना.

"मी मैत्रिणीच्या नावाने आले," ती म्हणाली. "तुमचं जिच्याशी ठरतंय, तिची मी मुलगी. तुम्हाला नापास करायला आले होते. पण माझा होकार आहे. मनापासून. तुमच्या बाबांची समजूत मी काढते, हवं तर त्यांच्या पाया पडते."

तो दोर बांधत होता. हात थांबले.

"ओहोटीच्या फेऱ्या माझ्या असतात," तो हळूच म्हणाला. "भरतीला हीच बोट बाबा नेतात. तुमच्या आई भरतीला आल्या होत्या."

तिने बोटीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"लग्न त्यांचं आहे, ताई. आणि आजपर्यंत अडवून बसलो होतो, तो मी."