नकाशामागचं लुगडं

"वाघ माझ्या वाट्याले येईल," श्रीधरबाबू म्हणाले.

"रेघ त्याच्या पोटातून जाते, दादा. तोंड तुमचं, शेपटी माझी." धाकटा मार्तंड हसला.

नत्थूजी कात्री घेऊन अंगणात उभे होते. ओसरीवर ते चढलेच नाहीत. नकाशा त्यांनी अंगणातल्या खाटेवर आणायला लावला.

भिंतभर नकाशा. भावांच्या आज्यानं चिताऱ्याकडून काढून घेतलेला. सातपुड्यात वाघ, कन्हान नदीत मासोळ्या, गावागावात आंब्याचं झाड. मालगुजारी गेली तेव्हा गावं गेली, नकाशा राहिला. आता नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि सौंसर मध्य प्रदेशातच राहिलं. श्रीधरबाबू सौंसरच्या घरी राहायला निघाले होते. मार्तंडनं निळ्या पेन्सिलीनं नवी हद्द आखली होती. तिच्यावरूनच कापायचं होतं.

नकाशाला मागून कापड नत्थूजींनीच चिकटवलं होतं, लढाईच्या साली. ते कोष्टी, पण मागाला सूत मिळत नव्हतं. मालकाचं काम हातचं जाऊ नये म्हणून त्यांच्या बायकोनं, चंद्रकलेनं, पेटीतलं माहेरचं लुगडं काढून दिलं होतं.

थोरल्याची बायको शोभाताई चहा घेऊन आली.

"आज नाही, बाई," नत्थूजी म्हणाले.

"रुसला काय गा नत्थू?" मार्तंड म्हणाला. "चालव कात्री."

"आधी मागचं कापड सोडवू द्या, मालक. मजुरी नको. तेवढं कापड मले द्या."

"ने ती चिंधी," श्रीधरबाबू म्हणाले. "वाघ फाटला नाही पाहिजे."

नत्थूजींनी ओल्या फडक्यानं खळ भिजवली आणि कडेपासून लुगडं सोडवत आणलं. पुन्हापुन्हा ते उन्हाकडे पाहत होते. कागद कुठं फाटला नाही. मग त्यांनी कात्री घेतली. रेघेच्या पलीकडे एका आंब्याजवळ चंद्रकलेचं माहेर होतं. ते श्रीधरबाबूंच्या तुकड्यात गेलं. वाघाचे दोन भाग झाले.

नत्थूजींनी ओल्या लुगड्याची घडी करून छातीशी धरली.

शोभाताईला हसू आलं. "हे नेसून चंद्रकला जाईल कुठं?"

"सवाष्ण गेली का माहेरचं लुगडं लागते, बाई. तिकडे आता कोणी उरलं नाही. सकाळपासून तिले तशीच निजवून ठेवली आहे."