दोघींनी ऐकलं

शवपेटी बैठकीच्या खोलीत टेबलावर होती, झाकण भिंतीला टेकवून ठेवलं होतं, आणि दोघे भाऊ बापाच्या पायांशी उभे राहून येशू कबरेतून खरंच उठला की नाही यावर भांडत होते.

थोरला पाळक. तासाभराने बापाच्या मयतीला त्याला याच विषयावर प्रवचन द्यायचं होतं, म्हणून घशाला आधीच धार लावून ठेवली होती. मधला डॉक्टर. त्याचा कशावरच विश्वास नाही. दवाखान्याच्या भिंतीवर क्रूस आहे, तो पेशंटसाठी.

"कबर रिकामी होती एवढंच म्हण," मधला म्हणाला. "त्यावरून तो उठला असं होत नाही. शिष्यांनी देह हलवला असेल."

"आणि मग त्याच थापेसाठी जीव दिला? थापाड्या माणूस पहिल्या रट्ट्याला खरं ओकतो."

"बरं, थाप नसेल. भास असेल. घरातलं माणूस गेलं की दिसतं, ऐकू येतं. माझ्याकडे नेहमी बायका येतात. नवरा पलंगावर येऊन बसतो म्हणतात."

"एकीला भास होईल. सगळ्यांना एकच भास? तो काय खोकला आहे, याचा त्याला लागायला?"

खुर्च्यांवरचे नातेवाईक हसले. लोक हसले की थोरल्याला चेव चढतो.

"आणि सगळ्यात आधी पाहिलं कोणी? बायकांनी! त्या काळी बाईच्या साक्षीला कोण विचारत होतं? गोष्ट रचायचीच असती तर चांगले दाढीवाले पुरुष उभे केले असते. बायका लिहिल्या, कारण खरोखर बायकाच होत्या. लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. पण खरं बोलल्या त्या त्याच!"

मामांनी मान डोलावली. चहा आला, मधल्याने कप उचलला.

आई इतका वेळ नवऱ्याच्या कॉलरचं बटण लावत होती. बटण काजात बसत नव्हतं, आणि दोघा शिकलेल्यांपैकी एकालाही ते दिसत नव्हतं. बटण बसलं तशी तिने मान वर केली.

"झालं तुमचं? आता माझं ऐका. धाकटी फाटकापाशी उभी आहे. मी बोलावलंय तिला. ती बापाचं तोंड बघेल, मग झाकण लावा."

कप ओठांपाशी थांबले.

थोरल्याने आवाज खाली आणला. "आई, तिने पळून जाऊन लग्न केलं तेव्हा बाबा काय म्हणाले होते? माझ्या मयतीलाही ती दिसता कामा नये. सगळ्यांसमोर म्हणाले. मामा होते."

"होतो की," मामा म्हणाले.

"ते तेव्हाचं. परवा पहाटे त्यांनी डोळे उघडले, माझा हात धरला आणि म्हणाले, पोरीला बोलव. तिने मला बघितल्याशिवाय नेऊ देऊ नकोस." आईने दाराकडे बोट केलं. "रात्रीच्या नर्सबाई तेव्हा जवळच होत्या. विचारा."

नर्सबाई दारापाशी आपली पिशवी भरत होत्या. "ऐकलं मी," त्या म्हणाल्या. "नाव घेऊन म्हणाले."

थोरल्याने आईच्या खांद्यावर हात ठेवला. आजाऱ्यांच्या घरी जाऊन जाऊन तो हात चांगला मऊ झाला होता. "किती रात्री जागलीस तू. अशा वेळी मनातलं कानाला ऐकू येतं, आई."

"आणि माझ्या मनातलं नर्सबाईंच्या कानाला?"

"त्यांना काय, तू म्हणशील त्याला त्या हो म्हणणार."

"शिवाय इंजेक्शन चालू होतं," मधल्याने री ओढली. "त्या गुंगीत माणूस काहीही बरळतो. त्याला शुद्धीवर येणं म्हणत नाहीत."

सकाळपासून एकाने पूर्व म्हटलं की दुसरा पश्चिम म्हणत होता. आता दोघे खांद्याला खांदा लावून उभे होते. त्यांना असं एका बाजूला बघायला बाप आयुष्यभर तरसला.

"मेलेल्या बायकांचं बरं पटतं रे तुला," आई थोरल्याला म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता पायात चपला सरकवून बाहेर पडली.

धाकटी फाटकाकडे अर्धी पाठ करून उभी होती, म्हणजे कोणी पाहिलंच तर वाटावं की सहज थांबली आहे. आईने तिचं मनगट धरलं.

"चल."

"दादा आहे ना आत?"

"दादाला मी जन्माला घातलंय. त्याने मला नाही."

अंगण कितीसं. पण धाकटीचे पाय पायरीपाशी अडले, आईने तिला हिसका देऊन वर ओढलं, आणि दोघी दारात पोहोचल्या तेव्हा पेटीवाला शेवटचा स्क्रू पिळत होता. झाकण बसलं होतं. एका बाजूची कडी थोरल्याच्या हातात होती, दुसऱ्या बाजूची मधल्याच्या.

"न्यायची गाडी आलीय, आई," थोरला म्हणाला. धाकटीकडे त्याने पाहिलं नाही.

"राहू दे," धाकटी पुटपुटली. "मी इथूनच..."

"तू गप." आई पेटीवाल्यासमोर जाऊन उभी राहिली. "उघड ते. नवरा माझा आहे."

पेटीवाल्याचा हात थांबला. त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग मान वळवून थोरल्याला विचारलं,

"साहेब, बाई काय म्हणतायत?"