अबोला आणि गोचीड

भांडण मोज्यांवरून पेटलं होतं. रानात झाडं तोडायला जाताना पँट मोज्यांत खोचा, एवढंच बायकोचं म्हणणं. त्यात मी विदूषक दिसतो, हा नवऱ्याचा हेका. मागच्या वर्षी गोचीड चावून अंगात जंतू गेले, ताप आला, गुडघे टम्म सुजले, जिना चढायला बायकोचा खांदा लागायचा. तरी गडी ऐकेना. शेवटी दोघांनी अबोला धरला. आता आधी बोलेल तो हरला.

पण अंगावर गोचीड शोधायची, डॉक्टरांनी लावून दिलेली संध्याकाळची तपासणी अबोल्यातही चुकली नाही. तो अर्ध्या चड्डीवर, दिव्याकडे पाठ करून मुकाट उभा राहिला. तिने कानांमागे पाहिलं, काखा पाहिल्या. गुडघ्यामागे एक काळा तीळ होता. काल तिथे तीळ नव्हता.

"हलू नका!"

तिने चिमटा कातडीला टेकवला आणि न चिरडता सरळ वर ओढला. गोचीड तोंडासकट अख्खी निघाली. आजचीच होती, इतक्या लवकर काढली की जंतूंना अंगात शिरायला सहसा सवडच मिळत नाही.

"हरलीस!" नवरा जागच्या जागी उडाला. "आधी तू बोललीस!"

तिने चिमटा त्याच्या नाकासमोर धरला. "हरली ती ही. तुमचा निकाल सकाळी."

सकाळी तो पँट मोज्यांत खोचून दारात आला. ती ओठ घट्ट मिटून बघत राहिली. शेवटी त्यालाच राहवेना.

"हस एकदाची!"