पुढे केलेला हात

“हात कोरडे आहेत ना? रेशमावर डाग पडला तर मालक मला हाकलून देतील,” असं बजावत म्हाताऱ्या मोलकरणीने ओसुमीला भिंतीवर टांगलेल्या लांबट चित्रापाशी नेलं.

जन्मांध ओसुमी तीन तारांचं शामिसेन पाठीला बांधून जपानच्या खेड्यापाड्यांत गात फिरायची. पुढे ओतोकी असायची, कारण ओतोकीला निदान अंधुक दिसे. तिच्या गाठोड्यावर हात टेकवून ओसुमीने तीस वर्षं वाट तुडवली. दोघींना असं चालताना पाहूनच मालकांच्या चित्रकाराने हे चित्र काढलं होतं. मागच्या हिवाळ्यात ओतोकी गेली.

ओसुमीने बोटं हलकेच फिरवली. रेशीम तेवढं लागलं, माणूस काही लागेना. “माझ्यापुढे ओतोकी आहे ना?”

मोलकरीण घुटमळली. “नाही हो. मालकांना बैठकीच्या खोलीत देखणी बाईच हवी होती. ओतोकीबाईंच्या तोंडावर देवीचे वण होते ना, म्हणून त्यांना गाळायला लावलं.”

“मग माझा हात?”

“तो तसाच पुढे आहे, हवेत. पाहुणे त्याचंच फार कौतुक करतात. म्हणतात, कुणाला तरी बोलावतेय बघा.”

ओसुमीने चित्रावरून हात काढून घेतला. “बरोबर ओळखलं त्यांनी,” एवढं म्हणून ती निघाली.

उंबऱ्याबाहेर पडताच सवयीने तिचा हात पुढे झाला. मोलकरणीने पटकन त्याखाली आपला खांदा दिला. पण मोलकरणीला फाटकापर्यंतच जायची परवानगी होती.