वाघ्याचं पांढरं तोंड

सुभेदार तेजरामांच्या पदरात त्या सव्वीस जानेवारीला पडायचं होतं ते थोडंथोडकं नव्हतं. दिघोरीच्या नव्या कमानीवर त्यांचं नाव, ग्रामसभेत पुढची खुर्ची, आणि 'भाटव्यानं फौजेत रोट्याच लाटल्या' म्हणणाऱ्या बायकोच्या भावाचं तोंड कायमचं बंद.

कारगिलच्या पहाडावरून त्यांनी अकराच्या अकरा जवान जिवंत उतरवले होते. मागोमाग एक काळा कुत्राही उतरला, तो वाघ्या. त्यालाही आता पंचवीसच्या वर वर्षं झाली. शूराचा कुत्रा, जगत असेल, म्हणून गावानं कधी त्याचं वय मोजलं नाही.

मोजलं ते सुभेदारांच्या बायकोनं, रुखमानं. वाघ्याचं तोंड पिकून पांढरं झालं, की त्या अकरांतला कोणी गेल्याचा फोन यायचा आणि वाघ्या पुन्हा काळाभोर व्हायचा.

कमानीखाली नवऱ्याला ओवाळताना ती हळूच म्हणाली, "वाघ्याचं तोंड पांढरं झालं जी."

"लागला असन कोनाचा तरी नंबर," सुभेदार गर्दीला हात हलवत म्हणाले.

"कोनाचा? दिवाळीत मोहाडीचा धनराज गेला, तोच अकरावा होता."

पण 'सुभेदारसाहेब जिंदाबाद'नं वेस दणाणली होती. गुलालानं माखलेले सुभेदार वाघ्याला थोपटायला वाकले. वाघ्या मोठ्या मायेनं त्यांचा हात चाटू लागला, आणि रुखमाच्या डोळ्यांदेखत त्याच्या तोंडावरचा एकेक केस काळा होत गेला.

अकरा जणांनी आपलं आयुष्य वाघ्याला भरलं होतं. बारावा फोटोसाठी हसत होता.