एका चपराकेचं राज्य

“आई, अशी सणसणीत ठेवून द्या, की पार लागाबच्या वेशीपर्यंत आवाज गेला पाहिजे!”

कांदेवाली भर रस्त्यात आडवी आली, म्हणून पुजारीण निंशूबाला थांबावं लागलं. नव्या वर्षाचा पहिला दिवस. सगळी एरिशाग नगरी देवळाच्या पायऱ्यांकडे लोटली होती आणि जो तो पुजारीणबाईंच्या उजव्या हाताकडे बघत होता.

“देवाची इच्छा,” एवढंच म्हणून ती पुढे सरकली. मनात मात्र म्हणाली, अगं येडे, सणसणीत ठेवून दिली तर तो मेला आणखी वर्षभर तुझ्याच उरावर बसेल!

नदीपल्याडच्या लागाब नगरीत राजा मरेपर्यंत राजा असतो. एरिशागचं तसं नाही. इथं दर वर्षी राजाला मुकुट उतरवून देवापुढे गुडघे टेकावे लागतात आणि मुख्य पुजारीण सगळ्यांदेखत त्याच्या गालावर एक चपराक मारते. एकच. राजाच्या डोळ्यांत पाणी आलं, तर देव प्रसन्न झाला; मुकुट परत डोक्यावर. नाही आलं, तर देवाने त्याला टाकलं. मग पंच दुसरा राजा निवडतात, आणि नवा राजा गादीवर बसायच्या आधी सगळ्या कोठड्या उघडतो.

त्यातल्या एका कोठडीत उर्दुकान होता, निंशूबाचा धाकटा भाऊ. आई गेल्यावर तिनेच त्याला लहानाचा मोठा केला होता.

उर्दुकान पाटकरी, पाटाचं पाणी शेताशेतांत वाटून देणारा. खालच्या शेतांचं पाणी तोडून आपल्या खजुराच्या बागांना सोड, असं लुगाशेन राजाने त्याला फर्मावलं. “पाणी काय याच्या बापाचं आहे?” असं भर बाजारात म्हणून त्याने पाटाचं दार उघडंच ठेवलं. संध्याकाळी शिपायांनी त्याला फरफटत नेलं. पाटाचं दार बंद झालं. खालच्या शेतांत जवाऐवजी मीठ फुटलं, पोरांची पोटं खपाटीला गेली, आणि राजाच्या बागेत मोर नाचायला लागले. संताप संताप व्हायचा नुसता!

म्हणूनच निंशूबा देवाच्या रोटीची कणीक मळताना रोज हात हलका करायला शिकत होती. गोळ्यावर चापट मारायची आणि बघायचं. बोटं उमटता कामा नयेत. राजाचा चेहरा समोर आणला की बोटं हमखास उमटायची. मग पुन्हा पहिल्यापासून. कालपरवापर्यंत हेच चाललं होतं. आज सकाळी मात्र गोळा गुळगुळीत राहिला होता.

देवळाच्या दाराशी प्रधान इब्बीतुम उभा होता.

“काय बाई, हात बरा आहे ना?”

“हाताला काय धाड भरलीय?”

“तसं नव्हे. यंदा तुमचा हात हलका झालाय, असं ऐकलं.”

 निंशूबा म्हणाली, “लोकांच्या जिभेला काय हाड असतं?”

“मीही महाराजांना तेच म्हटलं. बाईंना मी लहानपणापासून ओळखतो, म्हटलं. त्यांना काही सांगायला नको.” तो हसला. “मनात येईल तसं मारा, बाई. मागेपुढे बघू नका.”

“माझ्या भावाला सकाळची भाकरी पोचली का?”

इब्बीतुमने नजर वळवली आणि दारावरचा पडदा बाजूला केला.

बाहेर ओट्यावर लुगाशेन अनवाणी उभा होता. निंशूबाने त्याच्या डोक्यावरचा मुकुट उतरवला. त्याने गुडघे टेकले आणि रिवाजाप्रमाणे खणखणीत आवाजात म्हटलं, “देवा, मी या नगरीचं वाईट केलं नाही. मी गरिबाला छळलं नाही. मी कुणाचं पाणी अडवलं नाही.”

“खोटारडा!” खालून कुणीतरी ओरडलं. “बाई, हाणा त्याला!”

लाज कशी ती नाहीच मेल्याला! निंशूबाच्या कानशिलांतून आग निघाली. पण तिने दात आवळले. कणकेचा गोळा, ती मनात घोकत राहिली. कणकेचा गोळा आहे हा. उर्दुकान वाट बघतोय.

ढोल सुरू झाले. तिने हात उचलला.

लुगाशेनने मान वर केली आणि फक्त तिलाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाला, “तुझ्या भावाला काल बुडवला. त्याच्याच पाटात. शेवटपर्यंत अक्का, अक्का करत होता गं.”

मग हात तिचा राहिलाच नाही.

चपराकेचा आवाज ढोलांच्या वर गेला. राजा एका बाजूला कलंडला. त्याचा ओठ फुटला, आणि दोन्ही डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहायला लागलं.

“हाणली! बाईंनी हाणली!” ज्यांच्या शेतात मीठ फुटलं होतं, तीच माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून नाचत होती. कांदेवाली तर आनंदाने रडत होती. निंशूबाला काही दिसत नव्हतं. मेला माझा उर्दुकान, एवढंच तिच्या डोक्यात घणघणत होतं, आणि तळहात पेटला होता. आणखी एक मारावी, मारतच सुटावं, असं वाटत होतं. पण इब्बीतुमने मुकुट तिच्या हातात दिला. तो परत डोक्यावर ठेवायचाही मान तिचाच होता. तिने तो ठेवला.

लुगाशेन उठला. त्याने शालीच्या टोकाने डोळे पुसले, गाल चोळला, आणि निंशूबाच्या खांद्यावरून प्रधानाला म्हणाला, “चला, झालं एकदाचं. आता त्या पाटकऱ्याला कोठडीतून काढा, आणि खरंच बुडवा.”